खेळाडू सभागृहात गेला, पण मैदानाचे काय?



खेळाडूंनी राजकारणात यावे, असे प्रत्येक बक्षीस समारंभात कोणीतरी बोलतोच. पुण्यात तसे घडलेही आहे. कोल्हापूरच्या तालमीत घडलेले मुरलीधर मोहोळ २०१९ मध्ये महापौर झाले, २०२४ मध्ये खासदार आणि केंद्रात राज्यमंत्री. त्याचा आनंद आहे. मात्र पैलवानामागे तालीम असते, वस्तादाचा शब्द असतो, जत्रेचा आखाडा असतो. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या पोरामागे कोण उभे राहते?

केरळात लोक उभे राहतात. माजी राष्ट्रीय व्हॉलीबॉलपटू मणी सी. कप्पन पाला मतदारसंघात के. एम. मणी यांच्याकडून २००६, २०११ आणि २०१६ अशा तीन निवडणुका हरले. के. एम. मणी यांच्या निधनानंतर २०१९ च्या पोटनिवडणुकीत कप्पन निवडून आले, तेही आपल्या ओळखीच्या, राष्ट्रवादीच्या घड्याळ चिन्हावर. वडील खासदार होते, स्वतः चित्रपट निर्माते, तेव्हा सगळे श्रेय खेळाला देता येणार नाही. तरीही व्हॉलीबॉलपटू जिमी जॉर्जच्या त्या केरळात गावोगावी रात्री दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात. तिथे व्हॉलीबॉलपटू हीच एक ओळख असते.

आपल्याकडे २००९ मध्ये व्हॉलीबॉलची कनिष्ठ गटाची जागतिक स्पर्धा पुण्यातच झाली आणि भारत चौथा आला. ही गोष्ट आज किती पुणेकरांना आठवते? बालेवाडीचे क्रीडा संकुल उत्तम आहे, पण पेठेतला शाळकरी मुलगा संध्याकाळी दोन तास खेळायला तिथवर कसा जाणार? त्याला जवळच जागा हवी. व्हॉलीबॉलचे मैदान १८ बाय ९ मीटरचे. चहूबाजूंनी तीन-तीन मीटर मोकळे सोडले, तरी ३६० चौरस मीटरमध्ये काम भागते. एवढी जागा बहुतेक प्रभागांत निघेल. असलेली मैदानेच आपण नीट ठेवत नाही, हे खरे दुखणे आहे. मैदानावरचा कार्यक्रमाचा मांडव उतरतो, बांबूंचे खड्डे तसेच राहतात, मातीत खिळे राहतात. स्मॅश मारून खाली येणाऱ्या मुलाचा पाय त्याच खड्ड्यात पडतो आणि घोटा जातो. मग घरचे म्हणतात, बास झाला खेळ.

आणि नगरसेवकांच्या ‘स’ यादीतून, म्हणजे प्रभागातील कामांच्या निधीतून मात्र बाकडी, कमानी आणि नामफलक वर्षानुवर्षे होत राहतात.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. जुनी पदके दाखवून मत मागणाऱ्या उमेदवाराला, मग तो कुठल्याही खेळातला आणि कुठल्याही पक्षाचा असो, दोन गोष्टी लेखी मागाव्यात. प्रभागात नेट आणि पक्क्या पोलसह एक तरी मैदान, आणि खड्डे बुजवून खिळे वेचल्याशिवाय मांडववाल्याची अनामत परत मिळणार नाही असा महापालिकेचा नियम. नियम आधीच असेल, तर त्याची अंमलबजावणी. हे लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याला माझे मत नाही.

– एक जुना व्हॉलीबॉल खेळाडू, पुणे