म्युनिकची माघार

नगरपालिकेचा संगणक कोणाच्या मर्जीने चालावा, हा सत्तेचाच प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी या जुन्या प्रणालीची देखभाल थांबविण्याचे ठरविले, तेव्हा २००३ साली म्युनिकच्या नगरसभेने कोणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली लिनक्स प्रणाली स्वीकारली. कंपनीचे प्रमुख बामर सवलती घेऊन महापौर ऊडे यांच्या भेटीस धावले. नगरसभा बधली नाही. २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक नव्या प्रणालीवर आले. २०१७ साली मात्र विंडोजकडे परतण्याचा ठराव झाला, आणि तोही समाजवादी लोकशाही पक्षाच्या मतांनी! कर्मचाऱ्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. पण संगणक-खात्याच्या विस्कळीत कारभाराचे खापर लिनक्सच्या माथी फोडण्यात आले. २०२० साली हाच पक्ष हरित पक्षासह पुन्हा मुक्त प्रणालींची ग्वाही देऊ लागला.