स्प्रिंग बदलण्याआधी गाडी काट्यावर घ्या

नाशिकमध्ये तयार होणारी महिंद्रा थार २०२० साली नव्या रूपात आली, तेव्हा तिच्या मागच्या ॲक्सलचे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या. २०२३ मध्ये आलेल्या मारुती जिमनीलाही चारही चाकांना कॉइलच आहेत; तिच्या आधीची जिप्सी मात्र शेवटपर्यंत पाट्यांवर धावली. या बदलामुळे फोर-बाय-फोर गाडी रोजच्या वापराला सुसह्य झाली. त्याचबरोबर स्प्रिंग बदलून गाडी उंच करून घेण्याची हौसही वाढली. लिफ्ट किट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: गाडी किती इंच उचलेल?

हा प्रश्न चुकीचा आहे. स्प्रिंग निवडताना आधी विचारायला हवे, गाडीवर रोज किती किलो वजन असते?

जिमनीचेच उदाहरण घ्या. रिकामी गाडी सुमारे १,२०० किलोची, आणि माणसे-सामानासह तिची कमाल मर्यादा १,५४५ किलो. म्हणजे हाताशी साडेतीनशे किलोही नाहीत. सत्तर किलोची चार माणसे बसली की २८० संपले. उरलेल्या साठेक किलोंत पोलादी बंपर, विंच, टपावरचा रॅक आणि तंबू बसवायचा म्हटले, तर हिशेब जमतच नाही. जाड स्प्रिंग टाकली की गाडी जास्त वजन पेलते, हा समज तर धोकादायक आहे. स्प्रिंग बदलली तरी ब्रेक, ॲक्सल, चॅसी आणि टायर तेच राहतात; कंपनीने ठरवलेली मर्यादा एका किलोनेही वाढत नाही.

जाड म्हणजे किती जाड, यातही मोठी गफलत होते. कॉइलचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळे तेच ठेवून १२ मिलीमीटरची तार १३ मिलीमीटरची केली, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्क्यांनी कडक होते. डोळ्यांना हा फरक दिसतही नाही, पण पाठीच्या मणक्यांना पहिल्याच खड्ड्यात कळतो. कायम भरलेल्या गाडीसाठी बनवलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावली, की चाक खडबडीत रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उड्या मारू लागते. जमिनीला न टेकलेले चाक ना ओढ देते, ना ब्रेक लागू देते. सह्याद्रीतल्या दगडगोट्यांच्या चढावर गाडीला खरी गरज असते ती प्रत्येक चाकाने खालीवर होत जमीन धरून ठेवण्याची. अती कडक स्प्रिंग नेमके तेच हिरावून घेते.

उंचीचेही तसेच. स्प्रिंगने बॉडी उचलली जाते, त्यामुळे चढाला बंपर घासण्याची शक्यता कमी होते. हा फायदा खरा आहे. पण जिमनीसारख्या अखंड ॲक्सलच्या गाडीत डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तिथेच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने. शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन कमी होतो. मग हायवेवर स्टिअरिंग सैल, भरकटल्यासारखे वाटते. नव्या स्प्रिंगला जुळणारे शॉकॲब्सॉर्बर नसतील, तर एका खड्ड्यानंतर गाडी डुलतच राहते. पैसे अपुरे असतील तर थांबावे, पण नुसत्या स्प्रिंग बदलून काम उरकू नये. कॉइलच्या वेढ्यांत रबरी बफर अडकवण्याचा स्वस्त उपाय तर टाळावाच. त्याने काही वेढे निकामी होतात आणि ताण उरलेल्यांवर पडतो.

कायद्याकडेही डोळेझाक नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुल बार आणि क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ज्या लोखंडी बंपरसाठी कडक स्प्रिंग शोधली जाते, तो बंपरच काढला तर अनेकदा कंपनीची मूळ स्प्रिंग पुरेशी ठरते.

म्हणून खरेदीआधी गाडी नेहमीच्या सामानासह आणि माणसांसह वजनकाट्यावर न्यावी. आधी पुढची चाके काट्यावर घेऊन, मग मागची, असे दोन्ही ॲक्सलचे वजन वेगळे लिहून घ्यावे आणि त्या आकड्यांवरच स्प्रिंग मागावी. कायम वाढलेले वजन पन्नासेक किलोच असेल, तर थोडी कडक स्प्रिंग पुरते. वर्षातून दोनदा लडाख-स्पितीला जायचे म्हणून उरलेले वर्षभर कडक गाडी चालवण्यात शहाणपण नाही. स्प्रिंग बसवल्यावर व्हील अलाइनमेंट करावे, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना ते पाहावे. आणि हेडलाइटचा झोत खाली करून घ्यावा. घाटात समोरून येणाऱ्याचे डोळे त्या उचललेल्या झोताने दिपतात.