भिंतीला नटवण्याआधी



दसरा झाला की घराघरांत एकच विषय निघतो : यंदा रंग द्यायचा का? सगळं घर रंगवायचं तर खर्च फार. मग निदान बाहेरच्या खोलीतली एक भिंत तरी स्पंजच्या ठशांनी सजवावी, असं आपल्या मनात येतं. काम सोपं आहे, घरच्या घरी जमतं. पण त्याआधी माझी फजिती ऐका.

तीन वर्षांपूर्वी नणंदेला बघायला मंडळी यायची होती. आमच्या बाहेरच्या खोलीत, न्हाणीघराच्या बाजूच्या भिंतीवर ओलीचा मोठा डाग होता. मी तो खरवडला, वर साईच्या रंगाचा हात दिला आणि गव्हाळ रंगाचे ठसे उठवले. पाहुण्यांनी कौतुक केलं, लग्नही ठरलं. मी अगदी खूश!

सासूबाईंची कॉट त्याच भिंतीला लागून. त्या म्हणायच्या, "अगं, भिंत गार लागते." मी म्हणायची, "नवा रंग आहे नं, म्हणून." त्यांचा खोकला हटेना, तो आम्ही हवेवर ढकलला. श्रावणात रंगाला फोड आले, आत काळी बुरशी! न्हाणीघराचा पाइप झिरपत होता. डॉक्टर म्हणाले, ओलीतली बुरशी खोकला वाढवते. पाइप दुरुस्त झाला, भिंत सुकली, तेव्हा कुठे त्यांना आराम पडला. डाग मी झाकला होता, आणि त्यांचं बोलणंही.

म्हणून आधी ही परीक्षा करा. फूटभर चौकोनी प्लॅस्टिक भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक-दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं असेल तर ओल भिंतीतली आहे. पांढरा लोणा दिसला तरी तेच समजा. आधी गवंड्याला किंवा नळवाल्याला बोलवा, भिंत पुरती सुकू द्या, मगच रंग.

जुना तैलरंग कोरडा घासू नका, बरं का. घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० भागांहून जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकतं, आणि त्याची धूळ मुलांना फार बाधते. भिंत ओली करून घासा, मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा, घासलेला गाळ ओल्या फडक्याने टिपून घ्या.

आता ठशांची कृती. भेगा पुट्टीने भरून, प्रायमर देऊन फिक्या इमल्शनचे दोन हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. त्याच रंगाची एक-दोन छटा गडद इमल्शन घेऊन त्यात साधारण तेवढंच पाणी घाला. आंघोळीच्या स्पंजच्या कडा बोटांनी तोडून वेड्यावाकड्या करा, नाहीतर चौकोनी ठसे उठतात. स्पंज भिजवून घट्ट पिळा, रंगात टेकवा, जादा रंग वर्तमानपत्रावर टिपा. मग हलक्या हाताने ठसे द्या. दर वेळी मनगट थोडं फिरवा. कोपऱ्यांसाठी छोटा तुकडा ठेवा. भिंतीच्या मध्येच थांबू नका, सांधा दिसतो. हात बसेपर्यंत पुठ्ठ्यावर सराव करा.

स्पंज नसेल तर जुन्या सुती साडीच्या चिंधीचा बोळाही चालतो. त्याचे ठसे चुरगळलेल्या कापडासारखे उमटतात, छान दिसतात.

भिंतीचे बारीकसारीक उंचसखल भाग हे ठसे झाकतात, ओल मात्र नाही. आमची ती भिंत मी पुन्हा रंगवली, तेव्हा रंग सासूबाईंनी निवडला. त्याआधी महिनाभर त्या रोज भिंतीला हात लावून बघत होत्या. "आता कोरडी आहे हो," असं त्या म्हणाल्या, तेव्हाच मी डबा उघडला.

पुढच्या अंकात जुन्या साड्यांच्या पडद्यांविषयी बोलू.