‘एजन्सी’ला एक रुपयाही पाठवू नका

पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर किंवा गोवा. रात्री हॉटेलच्या खोलीत एकटा बसून मोबाइलवर ‘एस्कॉर्ट’ असं टाइप करणाऱ्या प्रत्येक पुरुषासाठी हे आवाहन आहे. तुम्ही हे करावं की करू नये, यावर प्रवचन झोडायला आम्ही बसलेलो नाही. पण पुढच्या पाच मिनिटांत तुमचा पैसा, तुमची अब्रू आणि एखाद्या बाईचं आयुष्य पणाला लागू शकतं, म्हणून आधी हे वाचा.

तुमच्या मनात बहुधा एकच हिशेब चाललेला असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या बाईशी थेट बोलावं की एजन्सीमार्फत जावं? एजन्सी म्हटलं की ऑफिस असेल, जबाबदार माणसं असतील, काही बिनसलं तर दाद मागता येईल, असं वाटतं. हा भ्रम आधी काढून टाका. आपल्या देशात एस्कॉर्ट एजन्सी हा कायदेशीर धंदाच नाही. जाहिरातीतल्या नंबरावर एक तर भामटा असतो, नाही तर दलाल.

भामट्याची पद्धत ठरलेली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आठ-दहा फोटो येतात. ते कुणा भलत्याच मुलीच्या इन्स्टाग्रामवरून उचललेले असतात आणि तिला याचा पत्ताही नसतो. मग विचारणा होते, “सर, हॉटेल कोणतं? रूम नंबर?” तुम्ही सांगता. लगेच क्यूआर कोड येतो. बुकिंगचे फक्त पाचशे. ते गेले की सिक्युरिटी डिपॉझिट, ‘मॅडम पोचल्या की परत मिळेल’. त्यानंतर हॉटेलचा गेट पास. त्यानंतर, “सर, तुम्ही रक्कम दोन हप्त्यांत टाकलीत, सिस्टीम घेत नाही. पूर्ण आकडा एकदम टाका, आधीचे रिफंड होतील.” गेलेले पैसे सोडवायला माणूस आणखी पैसे टाकत जातो.

तुम्ही थांबलात की आवाज बदलतो. पिस्तुलाचा फोटो येतो. “पोरं खाली उभी आहेत, वर पाठवू का?” खोलीचा नंबर तर तुम्हीच दिलेला असतो. कुणाला ‘खात्री करून घ्या’ म्हणत व्हिडिओ कॉल येतो. पलीकडे आधीच चित्रित केलेली क्लिप चालू असते आणि इकडे तुमचा चेहरा रेकॉर्ड होत असतो. दुसऱ्या दिवशी ‘क्राइम ब्रँचमधून बोलतोय’ म्हणणारा फोन येतो, डीपीला खाकी गणवेश. तोही त्याच टोळीतला. मग बायकोचा नंबर, साहेबांचा नंबर, मित्रयादीचे स्क्रीनशॉट. कुणाला सांगायची सोय नाही, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. अशाच ब्लॅकमेलिंगपायी 2022 मध्ये पुण्यात तरुणांनी जीव दिले आहेत.

सरकारने हे रोखायचा प्रयत्न केला नाही असं नाही. जून 2016 मध्ये केंद्राने एस्कॉर्ट सेवेच्या 240 वेबसाइट बंद करायला लावल्या. पण एक नाव बंद झालं की दुसऱ्या नावाने दुकान उघडायला वेळ लागत नाही. पैसे जातात ती बँक खाती आणि फोनची सिम कार्डंही बहुतेक वेळा तिसऱ्याच कुणाच्या नावावर असतात.

आता दुसरी शक्यता. पैसे गेले आणि खरोखरच दारावर बाई आली, म्हणजे तुमची गाठ दलालाशी पडली आहे. 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. देहविक्रयासाठी बाई मिळवणं, तिला त्यासाठी एका जागेहून दुसरीकडे नेणं, या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षं सक्तमजुरी आहे. तिच्या कमाईवर जगणं हा वेगळा गुन्हा. त्यासाठी जागा चालवणं हा तिसरा. एजन्सी जे जे करते ते सगळं या तीन कलमांत बसतं. तुम्ही ज्याला ‘बुकिंग’चे पैसे देता, त्याला तुम्ही हेच करायला भांडवल पुरवत असता.

आणि ती बाई? स्पामध्ये नोकरी, इव्हेंटचं काम, ब्युटी पार्लर असं सांगून आणलेली असू शकते. प्रवासाचा, राहण्याचा, कपड्यांचा खर्च तिच्या नावावर कर्ज म्हणून मांडलेला असतो आणि तो फिटेपर्यंत कागदपत्रं दलालाच्या ताब्यात. दर काही दिवसांनी शहर बदललं जातं, म्हणजे तिची कुणाशी ओळख होत नाही आणि मदत मागायची कुणाकडे हे तिला कळत नाही. तुम्ही दिलेल्या रकमेतलं तिच्या हातात किती पडतं, हे ठरवणारा माणूस खाली गाडीत बसलेला असतो.

‘मला काय माहीत’ हे उत्तर आता चालणार नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 144 सांगतं, की तस्करी करून आणलेल्या व्यक्तीचं लैंगिक शोषण जो करतो, त्याला तीन ते सात वर्षं शिक्षा आहे. तसं मानायला सबळ कारण होतं, एवढंही पुरतं. मुलगी अठराच्या आतली असेल तर पाच ते दहा वर्षं, शिवाय पोक्सो हा बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा. तिथे तिची संमती हा मुद्दाच येत नाही. वयाबद्दल किंचितही शंका आली, तर तिथल्या तिथे थांबा आणि 1098 या बालमदत क्रमांकावर कळवा.

मग स्वतंत्रपणे काम करणारी बाई? सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने हे काम करणं हा आपल्या कायद्यात गुन्हा नाही. मालाडच्या एका प्रकरणात सुधारगृहात डांबलेल्या तीन तरुणींची सप्टेंबर 2020 मध्ये सुटका करताना मुंबई उच्च न्यायालयाने हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढे जाऊन आदेश दिले. पोलिसांनी या बायकांशी सन्मानाने वागावं, जवळ सापडलेला कंडोम गुन्ह्याचा पुरावा म्हणून धरू नये, बातमीत त्यांची ओळख उघड होऊ नये. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका कित्येक वर्षं हाच हक्क मागत आल्या आहेत.

पण याचा अर्थ जाहिरातीत ‘इंडिपेंडंट’ लिहिलंय म्हणजे सगळं ठीक, असा घेऊ नका. तीच टोळी हा शब्दही वापरते. तुमच्या डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा आहेत. फोन पुरुष उचलतो. पैसे भलत्याच नावाच्या खात्यावर मागतो. बाई स्वतःच्या अटी स्वतः सांगत नाही. आपण कोणत्या भागात आहोत हेही तिला ठाऊक नसतं. दर दहा मिनिटांनी तिच्या मोबाइलवर कुणीतरी चौकशी करतं. अंगावर मारहाणीच्या खुणा असतात, ती गुंगीत असते. यातलं काहीही दिसलं तर तिला हात लावू नका, 112 ला फोन करा. तुमचं नाव बाहेर येईल या भीतीपेक्षा तिचं तिथून सुटणं मोठं आहे.

आणि समोरची बाई खरोखर स्वतःच्या मर्जीची मालक असली, तरी तिच्या ‘नाही’नंतर विषय संपतो. पैसे दिले म्हणून जबरदस्तीचा हक्क मिळत नाही. तो बलात्कारच. शिवाय गिऱ्हाइकासाठी कायदा अगदीच मोकळा नाही. देऊळ, मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून 200 मीटरच्या आत हा व्यवहार झाला, तर बाईइतकाच पुरुषही तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेला पात्र ठरतो. आपल्या शहरांत यांपैकी काहीच जवळ नाही अशी गल्ली शोधून काढावी लागेल.

कायद्याची एक विसंगतीही लक्षात घ्या. दोन बायका सुरक्षिततेसाठी एकच खोली घेऊन काम करू लागल्या, तर ती जागा कायद्याच्या व्याख्येत कुंटणखाना ठरते. म्हणजे एकटीने राहावं तर धोका आणि दोघींनी राहावं तर गुन्हा. या फटीतूनच दलाल ‘संरक्षण’ द्यायला आत शिरतो. म्हणून त्याच्या खिशात पैसा घालणं बंद करणं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

तुम्ही आधीच फसला असाल, तर आत्ता, हे वाचता वाचता, एवढं करा. आणखी एकही रुपया पाठवू नका, कारण पैसे दिल्याने धमक्या थांबत नाहीत, वाढतात. 1930 या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. चॅट, क्यूआर कोड, नंबर, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक यांचे स्क्रीनशॉट आधी घ्या, मग नंबर ब्लॉक करा. बँकेला कळवा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. घरातल्या किंवा मित्रांतल्या एकाला तरी खरं सांगा, म्हणजे धमकीतली अर्धी हवा निघून जाते. जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

लॉजमालक आणि फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांनाही सांगणं आहे. जाणूनबुजून अशा धंद्याला जागा देणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. दुप्पट भाडं देणाऱ्याचं ओळखपत्र आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींचे चेहरे नीट पाहा.

स्वतंत्र की एजन्सी, असा प्रश्न घेऊन तुम्ही बसला असाल, तर निम्मं उत्तर कायद्याने देऊन ठेवलं आहे. एजन्सी हा पर्यायच नाही, मग तिचं नाव काहीही असो. आलेला क्यूआर कोड स्कॅन करू नका. त्या नंबराची तक्रार करा. आणि हा मजकूर अशा एका मित्राला पाठवा, जो तुम्हाला हे कधीच सांगणार नाही.