बाहुलीच्या तळाशी काय लिहिले आहे?

आपल्या घरांत काचेच्या कपाटाचा मान मोठा. वरच्या फळीवर फक्त ईदला खाली उतरणारा चहाचा सेट, खाली अत्तरदाणी, आणि कोपऱ्यात चिनी मातीची एखादी बाहुली, कुत्रा किंवा मोर. पुतळे घरात ठेवावेत की नाही, यावर घरोघरी मते वेगळी आहेत. काही घरांत याच कारणाने त्या बाहुल्या पेटीत गेल्या. त्या वादात आम्ही शिरत नाही. आमचा मुद्दा वाटणीचा आहे.

दादी किंवा अम्मी गेल्यावर शेत, घर, सोने यांचा हिशेब होतो. कपाटातल्या वस्तूंना मात्र ‘खेळणी’ म्हणून बाजूला काढतात. मग त्या मुलींच्या गळ्यात घालतात, नाहीतर भंगारवाल्याला देतात. विरासतीत लहानमोठे सगळेच मोजायचे असते. आमच्या तालुक्यातल्या एका घरात तर एका फेरीवाल्याने सगळ्या बाहुल्यांचे मिळून एकच आकडा सांगून पैसे पुढे केले होते. धाकट्या बहिणीने आधी त्या उलट्या करून पाहिल्या म्हणून बरे झाले.

पाहायचे ते तळालाच. पहिली खूण देशाच्या नावाची. अमेरिकेने 1891 पासून बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचे नाव इंग्रजीत असण्याची सक्ती केली. जपानी माल तेव्हा ‘निप्पॉन’ म्हणून जाई. 1921 नंतर ‘जपान’ लिहावे लागले. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर वस्तू दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात होता त्या काळातली, म्हणजे 1952 पर्यंतची. जर्मन बाहुल्यांच्या धर्तीवरचा हा स्वस्त माल भरपूर निघाला, त्यामुळे फार हुरळून जाऊ नये. जर्मनीचेही असेच. ‘जीडीआर’ किंवा ‘वेस्ट जर्मनी’ दिसले की ती वस्तू 1949 ते 1990 या फाळणीच्या काळातली. देशाचे नाव नसले म्हणजे वस्तू 1891 पूर्वीची असे मात्र नाही. कागदी लेबल निघून गेलेले असू शकते, किंवा तो माल अमेरिकेला जाण्यासाठी नव्हताच.

त्या घरातल्या एका इंग्रज बाईच्या बाहुलीखाली सिंह, मुकुट, ‘रॉयल डोल्टन’ हे नाव आणि ‘एचएन’ ही अक्षरे होती. या कंपनीने 1913 पासून आपल्या बाहुल्यांना ‘एचएन’ क्रमांक दिले. रंगविभाग सांभाळणाऱ्या हॅरी निक्सनच्या नावाची ती आद्याक्षरे. हा क्रमांक नमुन्याचा असतो, वर्षाचा नव्हे. पण मुकुटाशेजारी कधीकधी एक छोटा आकडा असतो. त्यात 1927 मिळवले की वर्ष निघते. इथे 8 होता, म्हणजे बाहुली 1935 ची. भावांनी तिघांदेखत बेरीज करून पाहिली, आणि बाहुल्या पुन्हा वाटणीच्या यादीत आल्या.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती दोन निळ्या तलवारींच्या खुणेत. ती जर्मनीतल्या मायसेनची. युरोपात अस्सल पोर्सिलेन बनवणारा तो पहिला कारखाना, 1710 चा. तलवारी 1720 नंतरच्या, आणि त्यांची नक्कल तेव्हापासून आजतागायत चालू आहे. म्हणून नुसत्या खुणेवर विश्वास ठेवू नये. नखाने हळूच चाचपावे. खरी निळी खूण चकाकीच्या थराखाली असते, नखाला लागत नाही. मग बोटे, फुलांच्या पाकळ्या, डोळ्यांची रेघ पाहावी. चांगल्या कारागिराचे काम तिथे कळते आणि घाईचा माल तिथेच उघडा पडतो. तळाला कोरलेले आकडे बहुतेकदा साच्याचे असतात. त्यांना सन समजून कुणी ‘दीडशे वर्षांची’ म्हणाले तर ऐकून सोडून द्यावे.

अस्सल माल डोळ्यांखालून घालायचा असेल तर आपल्या पांढरकवड्याहून महामार्ग सरळ हैदराबादला जातो, आणि नातेवाइकांकडे जाणे होतेच. सालारजंग संग्रहालयात युरोपातल्या पोर्सिलेनचे दालन आहे. मुलांनाही न्यावे, फक्त शुक्रवारी ते बंद असते.

घरी तळाचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून सगळ्या वारसांना पाठवावेत, विकायची बोलणी त्यानंतर. आणि तोवर तारेची घासणी लांब ठेवावी. तिने सोनेरी मुलामा जातो, आणि चकाकीवरून मारलेला छाप असेल तर तोही.