डब्लिनचा कट्टा : तळघरातले रेडिओ

मंडळी, आमच्या डब्लिनमध्ये मे महिना लागला की दोन प्रकारची माणसे हवेत असतात. एक गोल्फवाली, कारण मेच्या अखेरीस नाहीतर जूनच्या सुरुवातीला म्यूरफील्ड व्हिलेजला मेमोरियल स्पर्धा असते. आणि दुसरी हॅमवाली. पहिल्या प्रकाराशी आमचा संबंध ट्रॅफिकपुरता. दुसऱ्या प्रकारात मात्र आम्ही अर्धेमुर्धे मोडतो. मंडळाच्या पॉटलकमध्ये एकदा "आम्ही हॅम आहोत" असे सांगितले, तर शेजारच्या आजींनी आपले ताट हळूच दुसऱ्या टेबलावर नेले. तेव्हापासून आम्ही "हौशी रेडिओवाले" असे सांगतो.

तर सांगायचा मुद्दा असा, की फेब्रुवारीत एका संध्याकाळी एका वहिनींचा फोन आला. त्यांचे यजमान आमचे जुने स्नेही. पुण्याहून इंजिनियर होऊन इकडे आले, नोकरी केली, मुले मोठी केली, आणि रोज रात्री जेवण झाले की बेसमेंटमध्ये उतरून हेडफोन कानाला लावून बसले. दोन वर्षांपूर्वी ते गेले. हॅम मंडळींत गेलेल्या माणसाला "सायलेंट की" म्हणतात. मोर्सची की कायमची थांबली, असा त्याचा अर्थ.

"भावजी, उद्या एक माणूस येतोय," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचं सगळं सामान चारशे डॉलरला नेतो म्हणतो, अगदी वायरींसकट. देऊन टाकू ना?"

आम्ही म्हटले, "वहिनी, आधी आम्हाला एकदा बघू द्या."

"बघा हो, पण फार दिवस नका लावू. खाली वॉशिंग मशीन लावायला गेलं तरी मला ती खुर्ची दिसते."

दुसऱ्या दिवशी आम्ही टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि वही घेऊन पोहोचलो. पाहतो तो काय! मधल्या टेबलावर केनवूडचा टीएस-५२०एस. बाजूला ड्रेकची जोडी, आर-४बी आणि टी-४एक्सबी. खालच्या फळीवर आयकॉमचा आयसी-७५१, आणि वर नवाकोरा दिसणारा आयसी-७३००. त्याखेरीज बर्ड कंपनीचा वॉटमीटर, पस्तीस अँपियरचा अ‍ॅस्ट्रॉनचा पॉवर सप्लाय, बेंचरचा पॅडल, एक साधी जुनी मोर्स की आणि बुटांच्या खोक्यांत भरलेली जगभरची क्यूएसएल कार्डे. एकटा ७३०० च जुन्या भावाने चारशेच्या दुप्पट किमतीचा होता! हे मॉडेल २०१६ मध्ये बाजारात आले आणि अजून त्याला चांगली मागणी आहे.

वहिनींना विचारून त्या माणसाला फोन केला आणि नम्रपणे नाही कळवले. तो चिडला नाही. खरे सांगायचे तर तो लुच्चा होता असेही आम्ही म्हणणार नाही. सगळे तळघर एका फेरीत रिकामे करायचे, धूळ झटकायची, काय चालते नि काय मेले ते शोधायचे, बाजारात तीन दिवस उन्हात बसायचे, ह्याचे मोल असतेच. हजाराला सगळे उचलणारा भेटला असता, तर आम्हीच वहिनींना "हो म्हणा" म्हटले असते. पण चारशे?

आता वापरलेला रेडिओ पारखायचा कसा? पुष्कळ लोक विचारतात म्हणून सांगतो. पहिली गोष्ट, आधी स्क्रूंकडे पाहावे. खाचा झिजलेल्या, कडा खाल्लेल्या असतील तर आत कुणीतरी हात घातला आहे हे नक्की, आणि तो हात जाणकाराचा होता की आमच्यासारख्याचा, हा पुढचा प्रश्न. दुसरे म्हणजे वास. जाहिरातींत "सिगारेट न ओढणाऱ्या घरातला" असे आवर्जून लिहितात, कारण धुराचा चिकटा आत सर्वत्र बसतो. फोडणीचे काय, ह्याबद्दल मात्र कुठल्याही जाहिरातीत चकार शब्द नाही. वहिनींचे तळघर थेट स्वैपाकघराखाली. ५२०एसचे झाकण काढले तेव्हा आम्हाला तरी हिंगाचा भास झाला. असो.

व्हॉल्व्हवाल्या सेटमध्ये कुठले व्हॉल्व्ह आहेत ह्यावर भाव बराच अवलंबून असतो. केनवूडच्या ५२० मध्ये शेवटच्या टप्प्यात ६१४६ च्या जातीचे दोन व्हॉल्व्ह असतात, ते शोधले तर अजून मिळतात. याएसूच्या जुन्या एफटी-१०१ मध्ये आणि ड्रेकच्या ट्रान्समीटरमध्ये मूळ टीव्ही संचांसाठी बनवलेले व्हॉल्व्ह आहेत. तसे टीव्हीच राहिले नाहीत, त्यामुळे ते व्हॉल्व्ह बनणेही थांबले. म्हणजे सेट दोनशेचा आणि व्हॉल्व्हची जोडी शोधता शोधता जीव मेटाकुटीला.

आणि कृपा करून, वर्षानुवर्षे बंद असलेला व्हॉल्व्हचा सेट आणला आणि प्लग खुपसला असे करू नका. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पडून पडून सुकलेले किंवा बिघडलेले असतात, एकदम पूर्ण व्होल्टेज मिळाले की फुटतात. हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी गराज सेलमध्ये घेतलेला एक सेट आम्ही असाच चालू केला होता. फट्‌ असा आवाज, मागोमाग पांढरा धूर आणि सौभाग्यवतींचे "झालं समाधान?" असे दोन शब्द. तेव्हा व्हॅरिअ‍ॅक नावाचे यंत्र मिळवून व्होल्टेज हळूहळू वाढवावे, नाहीतर सरळ "चालू करून पाहिलेला नाही" असे लिहून विकावे. भाव कमी येतो, पण घेणाऱ्याची फसवणूक होत नाही. ड्रेकच्या जोडीचे आम्ही असेच केले. ५२०एस स्नेही शेवटच्या वर्षापर्यंत वापरत होते, म्हणून तो व्हॅरिअ‍ॅकवर सावकाश चढवून पाहिला.

ट्रान्समीटर तपासताना अँटेना नसेल तर डमी लोड लावायचा. नाहीतर शक्ती जायला जागा न मिळून ती आतल्या भागांवरच उलटते. ह्या तळघरात हीथकिटचा जुना कँटेना होता, म्हणजे रंगाच्या डब्यासारखा गॅलनचा डबा, आत तेल आणि पन्नास ओहमचा रेझिस्टर. तो आम्ही वापरला नाही आणि उघडलाही नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मर तेलात पीसीबी नावाचे घातक रसायन असू शकते. असा डबा मोरीत ओतायचा नाही, घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा. आमचा स्वतःचा डमी लोड लावला आणि बर्डच्या मीटरवर पाहिले. ५२०एसने वीस मीटरवर नव्वद वॉट दिले. चाळीसएक वर्षांच्या म्हाताऱ्याला आणखी काय हवे?

आयसी-७५१ ने मात्र दगा दिला. बाहेरून देखणा, आत मेलेला. ह्या मॉडेलची एक खोड आहे. त्याला चालवणारा प्रोग्रॅम एका छोट्या लिथियम बॅटरीच्या जिवावर जगतो. बॅटरी संपली की रेडिओ आपण कोण हेच विसरतो. नवीन बोर्ड बसवून उपाय होतो, पण तो खर्च भावातून वजा. केनवूडच्या टीएस-४४० ची तऱ्हा आणखी वेगळी. आतला डिंकासारखा पदार्थ जुना झाला की विद्युतवाहक बनतो आणि आकड्यांच्या जागी नुसते ठिपके उमटतात. पुढे बाजारात असा एक ठिपकेवाला आम्ही पाहिला, विकणारा म्हणत होता, "किरकोळ लूज कनेक्शन आहे." आम्ही हसून पुढे गेलो.

भाव ठरवताना इंटरनेटवर लोक मागतात ते आकडे पाहू नयेत. मागायला काय, कोणी काहीही मागेल. प्रत्यक्षात कितीला विकले गेले ते पाहावे. आणि व्हॉल्व्हचे सेट शक्यतो पोस्टाने पाठवू नयेत. ५२०एस सोळा किलोंचा. वाटेत आपटला तर ट्रान्सफॉर्मर आपल्या जागेवरून निघून शेजाऱ्यांना भेटायला जातो.

वहिनींच्या मनात मधेच आले, की एखादा सेट पुण्याच्या भाच्याला द्यावा, डिसेंबरात जाताना बॅगेत घालून. आम्ही दोन्ही हात जोडले. अमेरिकेत रेडिओ विकत घ्यायला परवाना लागत नाही, बोलायला लागतो. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस कायद्याने परवान्याशिवाय यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला होता. घरचा रेडिओ ऐकायलाही पोस्टात लायसन्स काढावे लागे, हे आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. आजही आधी परीक्षा, परवाना आणि आयातीची परवानगी, मग यंत्र. भाच्याला घड्याळ नेले.

तर अशी तयारी करून मे महिन्यात आम्ही झीनियाला गेलो. डब्लिनपासून सव्वा तास, २७० वरून ७१ ने दक्षिणेला आणि पुढे ३५ नंबरचा रस्ता. इथे ग्रीन काउंटीच्या फेअरग्राउंडवर हॅमव्हेंशन भरते. पहिले १९५२ साली डेटनच्या बिल्टमोर हॉटेलात झाले, मग १९६४ पासून हारा अरीनात. ती इमारत २०१६ मध्ये बंद पडली आणि २०१९ च्या चक्रीवादळात तिची दुर्दशा झाली. २०१७ पासून झीनिया. त्या पहिल्या वर्षी एवढा पाऊस झाला की बाजार चिखलातच भरला. करोनाची २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे सोडली तर खंड नाही, आणि २०२४ ला पस्तीस हजारांच्या वर माणसे आली. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी हिंडलेल्यांना इथे घरच्यासारखे वाटेल. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड उघड्या मैदानात अंथरला आहे असे समजावे.

आम्ही एका ओळखीच्याच्या जागेत अर्धे टेबल मिळवले. वहिनीही आल्या. आम्ही नको म्हणत होतो, पण त्या डब्यात दशम्या आणि चटणी घेऊन गाडीत येऊन बसल्या. शुक्रवारी सकाळी खरे दर्दी येतात आणि चांगला माल तेव्हाच जातो. शनिवारी दुपारपासून भाव उतरतात, आणि रविवारी तर परत न्यायचा कंटाळा म्हणून लोक जवळजवळ फुकट देतात. घ्यायचे असेल तर रविवारी जा, विकायचे असेल तर शुक्रवारी.

ड्रेकच्या जोडीपाशी एक सत्तरीचे गृहस्थ थांबले. ड्रेक कंपनी इथलीच, डेटनजवळच्या मायामीसबर्गची, १९४३ ची. त्यांनी डबा उलटा करून तळ पाहिला, स्क्रू पाहिले, वास घेतला आणि विचारले, "हा कोणाचा?" वहिनींनी सांगितले. मग ते पंधरा मिनिटे वहिनींशीच बोलत उभे राहिले. माइकवर बोलायचे की मोर्सवर, भारत ऐकू यायचा का. वहिनींना त्यातले तांत्रिक काही येत नव्हते, पण एक गोष्ट त्यांना पक्की आठवत होती. १९९३ च्या सप्टेंबरातली २९ तारीख, इथे संध्याकाळचे साडेसहा वाजत होते तेव्हा तिकडे ३० ची पहाट होती आणि किल्लारीला भूकंप झाला. बातमी कळली तसे हे खाली गेले आणि पुढच्या तीन रात्री भारतातल्या हॅम लोकांचे आवाज शोधत बसले. वहिनींचे माहेर लातूरचे. फोन लागत नव्हते. "मी जिन्यावर बसायचे," त्या म्हणाल्या. "नुसती खरखर. तरी बरं वाटायचं."

गृहस्थांनी तीनशे डॉलर मोजून दिले. घासाघीस केली नाही. ५२०एस सव्वादोनशेला गेला, बर्डचा मीटर त्याच्या तीन स्लगांसह दोनशे चाळीसला, अ‍ॅस्ट्रॉन एकशेदहाला. ७५१ आम्ही "मृत" अशी पाटी लावून ठेवला होता, तरी एकशेवीस आले. वायरी, कनेक्टर, पुस्तके ह्यांचे मिळून एकशेचाळीस. एकूण अकराशे पस्तीस.

ह्यात ७३००, पॅडल आणि जुनी की नाही, हे हिशेबनीस वाचकांच्या लक्षात आले असेल. निघायच्या आदल्या रात्री वहिनींची नात आली होती, इथेच हायस्कूलला आहे. तिने ७३०० चा रंगीत पडदा पाहिला आणि "हे आजोबांचं मी ठेवू?" म्हणाली. आम्ही तिला सांगितले, नुसते ठेवून चालायचे नाही, टेक्निशियनची परीक्षा द्यावी लागेल. पस्तीस प्रश्न, सव्वीस बरोबर हवेत. मोर्सची सक्ती २००७ मध्येच गेली. अमेरिकन नागरिक असायची अटही नाही, इथला पत्ता पुरतो, हे आपल्या व्हिसावाल्या मंडळींनीही लक्षात घ्यावे. आणखी एक सांगितले. माणूस गेल्यावर त्याचे कॉलसाइन दोन वर्षे बाहेरच्या कोणाला मिळत नाही, जवळच्या नातेवाइकाला मात्र त्याआधीही मागता येते. आता ती दोन वर्षे भरत आली होती.

जूनमध्ये नातीने परीक्षा दिली. चोवीस बरोबर आले, दोन कमी. पुन्हा ऑगस्टमध्ये बसायची आहे. तळघरातली खुर्ची तिथेच आहे, वहिनींनी फक्त तिची उशी बदलली.