चिकटवील त्यानेच काढावे

मी स्वभावाने भांडखोर नाही. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढलेला माणूस भांडखोर राहूच शकत नाही. त्याची भांडणाची सगळी हौस दहा ते चारमध्ये परस्पर भागते. तरीही आज मी भांडायला बसलो आहे, आणि भांडण आहे एका कागदाच्या चिटोऱ्यावरून. वीतभर लांब, चार बोटं रुंद, पिवळाधमक. वर लाल अक्षरांत 'चुकीचे पार्किंग! दंडास पात्र!' आणि मागे असला काही गोंद, की तसा आमच्या इमारतीच्या सिमेंटमध्ये असता तर गच्ची गळली नसती.

हा कागद आमच्या सोसायटीच्या कमिटीने माझ्या गाडीच्या बॉनेटवर चिकटवला. काचेवर नव्हे, बॉनेटवर! नवरदेवाच्या कपाळी गंध लावावं तसा, ऐन मध्यभागी.

गुन्हा मी कबूल करतो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आमची पार्किंगची जागा चिठ्ठ्या टाकून निघालेली, म्हणजे अर्थातच पाण्याच्या टाकीमागची. तिथून लिफ्टपर्यंत वॉकर घेऊन चालायचं तर वाटेत मुक्काम करावा लागला असता. म्हणून गाडी लिफ्टसमोरच्या पट्ट्यात उभी केली, आईला वर नेलं, औषधांना धावलो, आणि रात्री गाडी हलवायची राहून गेली. चूक झाली. दोनशे रुपये दंड भरला, पावती घेतली. पण दंड भरल्यावर स्टिकर काढायला कोण येणार, हे त्या पावतीवर कुठेही छापलेलं नव्हतं.

आता तुम्हीच सांगा. आमच्या बँकेत खात्यात दमडी नसताना चेक फाडणारे महाभाग रोज येतात. तो चेक आम्ही परत करतो, सोबत कारणाचा छापील मेमो जोडतो. टाचणीने जोडतो. खातेदाराच्या कपाळावर डिंकाने चिकटवत नाही! टोलचा फास्टॅग घ्या. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांवर तो सक्तीचा झाला, पण लावायचा कुठे? समोरच्या काचेवर. काच सोसते, प्रसंगी पातं फिरवलं तरी सोसते. जी अक्कल सरकारला आहे ती आमच्या कमिटीला नसावी, ह्यापरता दुसरा अपमान मला सुचत नाही.

कारण गाडीचा रंग म्हणजे गणपतीत काढलेला भिंतीचा चुना नव्हे. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि त्यावर चकाकणारा पारदर्शक थर, ज्याला रंगवाले क्लिअर कोट म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून मिलिमीटरचा आठवा-दहावा हिस्सा भरतं. वरचा पारदर्शक थर तर बहुधा डोक्याच्या केसाहूनही पातळ. (माझ्या डोक्यावर आता मोजमापापुरतेच उरले आहेत, ते सोडा.) एवढ्याशा कातडीवर चिकटवणारा चिकटवून मोकळा होतो, आणि काढणाऱ्याला मात्र शल्यविशारद व्हावं लागतं.

आईच्या गडबडीत आठवडा गेला. तो एप्रिलचा आठवडा. मग एका रविवारी कागद ओढला, तर वरचा पापुद्रा हातात आला आणि खालचा अर्धा, गोंदासकट, ऊन खाऊन तिथेच घट्ट बसला. झालं! भोवती सल्लागार मंडळ जमलं. ज्याने स्टिकर लावला तो वॉचमन बिचारा ओशाळून दाढीचं ब्लेड घेऊन आला. त्याचा काय दोष? त्याला वरून हुकूम. पण मी "अरे थांब" म्हणेपर्यंत दोन रेघा उठल्या होत्या. त्या आजही आहेत, नख लावलं की अडकतात. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त साहेबांनी थिनर सुचवला. माझ्या गाडीचा डावा दरवाजा एकदा गॅरेजमध्ये रंगवून घेतला आहे. असल्या रंगावर थिनरचा बोळा फिरवलात तर गोंदाआधी रंगच बोळ्यावर येतो. मेहुण्याने पेट्रोल म्हटलं. ते गोंद मऊ व्हायच्या आत उडून जातं, आणि शेजारी कुणी विडी पेटवली तर गाडीचा प्रश्न कायमचाच सुटतो. हिने नेलपॉलिश काढायची बाटली आणली, म्हणजे पुन्हा थिनरचीच धाकटी बहीण. कामवाल्या मावशी हिरवी घासणी घेऊन सरसावल्या. त्या घासणीत बारीक कुरुंद असतो, तो कढईचं करपलेलंसुद्धा काढतो. बॉनेटची चकाकी काढायला त्याला कितीसा वेळ?

आमच्या लोकांचा चिकटलेल्या गोष्टींवर जोर ह्या एकाच औषधावर विश्वास! खरवडा, घासा, उपटा!

आई वर बाल्कनीत पाय ताणून बसून सगळं ऐकत होती. आधीच "माझ्या गुडघ्यापायी तुझी गाडी नासली" हे तिचं दिवसातून चारदा चालू होतं. ती वरूनच म्हणाली, "अरे, फणस कधी कापलायस का? चीक पाण्याने जातो? तेल लाव, तेल!"

रत्नागिरीकडची माझी आई. मी बी.कॉम. फर्स्ट क्लास. ह्या गोष्टी युनिव्हर्सिटी शिकवत नाही. पूर्वीची खळ किंवा डिंक असता तर ओल्या फडक्याने निघाला असता. हा स्टिकरचा गोंद म्हणजे फणसाच्या चिकाच्या जातीचा. पाण्याला दाद देत नाही, तेलापुढे विरघळतो.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर, पत्रा निवल्यावर, आधी गाडी धुतली. धूळ राहिली तर पुसणं म्हणजे पॉलिशपेपरच. मग हिचा केस वाळवायचा ड्रायर मंद ठेवून, हाताला सोसेल इतपतच ऊब देत, उरलेला कागद जमेल तेवढा सोलला. खोबरेल तेलात भिजवलेला कापूस अर्धा तास ठेवला. गोंद फुगला, की अंगठ्याने वळायचा, आजी शेवया वळायची तसा. अगदी हट्टी कडांना मुदत संपलेलं एटीएम कार्ड जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळून हलकेच लावलं. बँकेच्या नोकरीचा संसाराला झालेला हा पहिला थेट उपयोग. राहिलेल्या चिकटाला स्पिरिट, तेही आधी दाराच्या आतल्या कोपऱ्यात लावून रंग सुटत नाही ना हे बघून. शेवटी शाम्पूचं पाणी आणि मेण. दोन संध्याकाळी गेल्या. आणि तेवढा चौकोन असा लखलखला, की उरलेली गाडी कळकट दिसू लागली. तिसरी संध्याकाळ तिला मेण लावण्यात गेली.

तीन संध्याकाळी, पाव बाटली खोबरेल, आणि दोन रेघा. एका वॉचमनच्या चार सेकंदांची ही किंमत! म्हणून वार्षिक सभेत मी ठराव मांडला: ह्यापुढे नोटीस वायपरखाली खोचावी. दंड वाटल्यास तीनशे करा, पण गोंद नको. आणि तरीही चिकटवलीच, तर चिकटवण्याचा हुकूम देणाऱ्याने स्वतः, तेल-कापूस घेऊन, उतरवून द्यावी.

सेक्रेटरी म्हणाले, "अहो साहेब, सूचना उत्तम आहे. पण पाचशे स्टिकर छापून आणलेत. सभासदांचा पैसा आहे. तेवढे संपले, की लगेच अंमल करू." सभेने टाळ्या वाजवून मंजुरी दिली. मी सवयीने शिल्लक विचारली. तीन वर्षांत सदतीस वापरले होते, उरले चारशे त्रेसष्ट. विषयपत्रिकेच्या पाठीवर तिथेच हिशेब मांडला. अंमल व्हायला साडेसदतीस वर्षं. तेव्हा आई एकशे नऊ वर्षांची असेल, आणि तिच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे.